वाचकांचे प्रश्न : तीन कोण आणि एक काय?

मागील अंकात कोल्हापुरातील ख्रिस्ती मंडळींविषयी लिहिताना ‘त्रैक्य’ (पिता, पुत्र म्हणजे येशू, आणि पवित्र आत्मा असे तीन, तरी देव एकच, हा ख्रिस्ती सिद्धांत) हा शब्द मी ओघात वापरला आणि त्याचा अर्थ न सांगताच पुढे सरकलो. वाचकांनी मला तेथेच पकडले. आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांतील प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत. आरंभीच एक सांगून ठेवतो. मी शाहूपुरीतल्या ख्रिस्ती घरात वाढलो, मतांगीकार, म्हणजे विश्वासाची ठरलेल्या शब्दांतली कबुली, लहानपणी पाठ केला आणि आजही उपासनेत तो म्हणतो. माझे माप कोणत्या बाजूला झुकते हे वाचकांना ठाऊक असलेले बरे.

आम्ही घरचे सगळे दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जातो. ख्रिस्ती लोकांचे त्रैक्य म्हणजे आमच्या दत्तासारखेच समजावे का? — एक वाचक, जयसिंगपूर

ही तुलना आपल्या भागात सहज सुचते. मात्र दोन्ही परंपरांना न्याय द्यायचा असेल, तर तीन कशाचे मोजले आणि एक कशाचा, हे आधी पाहावे लागते. दत्तात्रेय हे अत्री आणि अनसूया यांचे पुत्र, आणि ब्रह्मा, विष्णू, महेश या तिघांचा एकत्र अवतार. म्हणून चित्रात आणि मूर्तीत तीन शिरे व सहा हात. (वाडीला पूजा मूर्तीची नसून मनोहर पादुकांची होते, हे वाडीच्या वारकऱ्याला मी सांगायला नको.) म्हणजे भक्तासमोर उभा आहे तो एक, आणि मुखे तीन. शिवाय उत्पत्ती, स्थिती आणि लय अशी कामे परंपरेने त्या तिघांत वाटून दिलेली आहेत.

त्रैक्याच्या सिद्धांतात या दोन्ही गोष्टी उलट आहेत. तेथे ‘मी’ म्हणणारे तीन आहेत. पिता पुत्राला पाठवतो, पुत्र पित्याजवळ प्रार्थना करतो, आणि आत्म्याविषयी पुत्र ‘तो येईल’ असे बोलतो. कामे मात्र वाटलेली नाहीत. सृष्टी पित्याने केली, तारण पुत्राने केले आणि पुढचे काम आत्म्याकडे सोपवले, असा हिशेब भाविकांच्या तोंडी असला तरी सिद्धांताला तो मान्य नाही. बाहेर दिसणारी प्रत्येक कृती तिघांची मिळून एकच. मग फरक उरतो तो केवळ नात्याचा. पिता कोणापासून नाही, पुत्र पित्यापासून जन्मलेला पण घडवलेला नव्हे, आणि आत्मा पित्यापासून निघणारा. चौथ्या शतकात कप्पदुकियातील बासिल, त्याचा धाकटा भाऊ निस्साचा ग्रेगरी आणि त्यांचा मित्र नाझियांझचा ग्रेगरी या तिघांनी ही मांडणी पक्की केली. ग्रीक भाषेतील त्यांचे सूत्र ‘एक ऊसिया, तीन हायपोस्टॅसिस’ असे होते. आपण त्याचे मराठी ‘एक सत्त्व, तीन व्यक्ती’ असे करतो.

या ‘व्यक्ती’ शब्दाने मराठी वाचकाची मोठी फसगत केली आहे. आजच्या मराठीत व्यक्ती म्हणजे शिधापत्रिकेवर ज्याचे नाव चढते तो स्वतंत्र माणूस. त्या अर्थाने तीन व्यक्ती म्हटले की तीन देव झालेच. उलट संस्कृतात व्यक्ती म्हणजे व्यक्त होणे, प्रकट होणे. त्या अर्थाने घेतले की एकाच देवाची तीन प्रकटने होतात, आणि आपण पुन्हा वाडीच्या वाटेला लागतो. सिद्धांताला हे दोन्ही अर्थ नको आहेत. याहून चांगला शब्द अद्याप कोणी दिलेला नाही, म्हणून आम्ही हाच वापरतो.

जाता जाता एक गोष्ट आपल्याला आवडेल. मध्ययुगीन युरोपातल्या चित्रकारांनीही एका धडावर तीन तोंडे काढून त्रैक्य दाखवले होते, आणि ती चित्रे लोकप्रियही होती. पोप आठवा अर्बन याने १६२८ मध्ये त्यांवर बंदी घातली. बंदीचे कारण तोंडांच्या संख्येत नव्हते. त्या चित्रांतून दिसणारा सिद्धांत चुकीचा होता.

शब्बाथ शाळेत मी मुलांना बर्फ, पाणी आणि वाफ यांचे उदाहरण देते. नव्या पाळकसाहेबांनी ते चुकीचे ठरवले. मग मुलांना सांगायचे तरी काय? — एक शिक्षिका, कसबा बावडा

पाळकसाहेबांचे बरोबर आहे, पण त्यांनी कारणही सांगायला हवे होते. माझ्या लहानपणी आमच्या मास्तरांनी हाच प्रयोग प्रत्यक्ष करून दाखवला होता. रसवंतीतून आणलेला बर्फाचा खडा अॅल्युमिनियमच्या पातेल्यात टाकून त्यांनी स्टोव्ह पेटवला; खडा विरघळला, पाण्याला उकळी फुटली आणि वर धरलेल्या ताटलीला घाम सुटला. सगळी मुले खूश झाली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र विचारले, “मास्तर, वाफ झाल्यावर बर्फ कुठं गेला?” मास्तरांनी तिला खाली बसवले. त्या मुलीच्या प्रश्नात तिसऱ्या शतकातला एक मोठा वाद होता, हे मला फार उशिरा कळले.

रोममध्ये सबेल्लियस नावाचा एक शिक्षक होऊन गेला. देव एकच असून तो कधी पिता म्हणून, कधी पुत्र म्हणून आणि कधी आत्मा म्हणून प्रकट होतो, हे मत त्याच्या नावावर नोंदलेले आहे. देवाचे एकत्व राखण्याची त्याची तळमळ खरी होती. पण यार्देन नदीतल्या येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग आठवून पाहावा. पुत्र पाण्यातून वर येत आहे, आत्मा कबुतरासारखा उतरत आहे आणि आकाशातून पित्याची वाणी ऐकू येत आहे. तिघेही एकाच क्षणी हजर आहेत. बर्फाचा खडा एकाच क्षणी वाफ नसतो. (भौतिकशास्त्राचे शिक्षक येथे हात वर करतील, कारण अतिशय कमी दाबाखाली ०.०१ अंश सेल्सिअसला पाण्याच्या तिन्ही अवस्था एकत्र नांदतात. तरीही त्या भांड्यात काही पाणी बर्फ असते, काही द्रव आणि काही वाफ. तोच थेंब तिन्ही नसतो.)

माझी आजी बेलाचे पान दाखवत असे. एक देठ, तीन दळे. दिसायला हे उदाहरण सुरेख आहे, परंतु एक दळ खुडले की हातात पानाचा तिसरा हिस्सा येतो, आणि पुत्र हा देवाचा तिसरा हिस्सा नव्हे, पूर्ण देव आहे, असे सिद्धांत म्हणतो. सूर्य, त्याचा प्रकाश आणि त्याची ऊब हेही उदाहरण जुने आहे. त्यात प्रकाश आणि ऊब सूर्याहून दुय्यम ठरतात. धर्मपंडित ऑगस्टिनने पाचव्या शतकाच्या आरंभी माणसाच्या मनातच उदाहरण शोधले : स्मृती, आकलन आणि इच्छा. तिन्ही मिळून मन एकच. हे सर्वांत जवळ पोचते असे मला वाटते, मात्र ते अपुरे असल्याची कबुली खुद्द ऑगस्टिनने दिलेली आहे, आणि दहा वर्षांच्या मुलाला ते झेपणार नाही.

म्हणून माझा सल्ला असा की उदाहरण देऊच नये. मुलांना यार्देनची गोष्ट सांगावी, तिघे एकमेकांशी कसे वागतात ते दाखवावे, आणि कोणी “बर्फ कुठं गेला” असे विचारले तर त्याला खाली बसवू नये.

आमच्या दारावर दोन गृहस्थ पुस्तिका घेऊन आले होते. त्रैक्य हा शब्द बायबलमध्ये नाही आणि रोमच्या बादशहाने मतदान घेऊन येशूला देव ठरवले, असे त्यांनी सांगितले. यात तथ्य किती? — एक वाचक, राजारामपुरी

आपल्या वर्णनावरून ते यहोवाचे साक्षीदार असावेत. येशू ही देवाची सर्वांत पहिली निर्मिती आहे, तो देवाच्या बरोबरीचा नाही, आणि पवित्र आत्मा ही व्यक्ती नसून देवाची कार्यकारी शक्ती आहे, असे ते मानतात. आपल्याला सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी पहिली खरी आहे, दुसरी अर्धी.

त्रैक्य हा शब्द बायबलमध्ये नाही. अंत्युखियाच्या थियोफिलसने सुमारे १८० मध्ये ग्रीकमध्ये ‘त्रियास’ हा शब्द वापरला, आणि त्यानंतर काही दशकांतच कार्थेजच्या तर्तुल्यानने लॅटिनमध्ये ‘त्रिनितास’ रूढ केला. पण शब्द नाही म्हणून विचार नाही, असे म्हणता येत नाही. आणि येशू निर्माण केलेला आहे असे म्हणणाऱ्यांची घोषवाक्येही बायबलमध्ये शब्दशः सापडत नाहीत. दोन्ही बाजू वचने जुळवूनच बोलतात, आणि वचने दोन्हीकडे आहेत. “पिता माझ्यापेक्षा थोर आहे” हे योहानाच्या शुभवर्तमानात आहे, आणि येशूला “माझा प्रभू व माझा देव” असे म्हणणारा थोमाही त्याच शुभवर्तमानात आहे. शेवटच्या दिवसाची घटका पुत्रालाही ठाऊक नाही, असे मार्क सांगतो. तर पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा द्या, असे मत्तयात आहे, आणि तेथे ‘नाव’ एकवचनी आहे.

भाषांतराने गुंता आणखी वाढतो. “शब्द देव होता” या योहानाच्या पहिल्याच वचनात साक्षीदारांचे इंग्रजी बायबल ‘एक देव’ अशा अर्थाचे शब्द वापरते. ग्रीकमध्ये त्या ठिकाणी देव या शब्दाआधी निश्चित उपपद (इंग्रजीतल्या ‘द’सारखे) नाही, हा त्यांचा आधार. व्याकरणाने तेवढ्यावरून ‘एक देव’ असा अर्थ निघतोच असे नाही, हे बहुतेक अभ्यासकांचे उत्तर. मराठीत उपपद हा प्रकारच नसल्याने आपले वाक्य दोघांनाही आपापल्या परीने वाचता येते. “मी आणि पिता एक आहोत” या वचनात उलट घडते. ग्रीकमधले ‘एक’ तेथे नपुंसकलिंगी आहे, म्हणजे एक कोणी नव्हे, एक काही. तर्तुल्यानने नेमके याच लिंगावर बोट ठेवले होते. मराठीला तीन लिंगे असूनही आपला ‘एक’ लिंगाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे मराठी वाचकाला हा धागा दिसतच नाही.

आता बादशहाचे. अलेक्झांड्रियातला एक धर्मोपदेशक, अरियस, असे शिकवत होता की पुत्र हा पित्याने शून्यातून निर्माण केलेला आहे आणि तो नव्हता असा एक प्रसंग होता. बादशहा कॉन्स्टन्टाइनने ३२५ मध्ये नीकेया येथे बिशपांची परिषद भरवली, आणि परिषदेने पुत्र पित्याशी ‘होमोऊसियोस’, म्हणजे एकसत्त्व, आहे असे ठरवले. पण ख्रिस्ताची भक्ती तेथे सुरू झाली नाही. रोमन अधिकारी प्लिनी याने सुमारे ११२ मध्ये बादशहा ट्राजनला लिहिले होते की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. प्लिनी ख्रिस्ती नव्हता, त्याची चौकशी कठोर होती, आणि नीकेयाला अजून दोनशे वर्षे होती.

शिवाय बादशहाने ठरवले आणि प्रश्न मिटला, असेही झाले नाही. खुद्द कॉन्स्टन्टाइनला मरणापूर्वी बाप्तिस्मा दिला तो अरियसच्या बाजूला झुकलेल्या बिशपाने, आणि त्याचा मुलगा कॉन्स्टन्शियस नीकेयाच्या विरोधकांच्या पाठीशी उभा राहिला. नीकेयाची बाजू लढवणारा अथनासियस पाच वेळा हद्दपार झाला. काहींनी ‘होमोऊसियोस’च्या जागी ‘होमोइऊसियोस’, म्हणजे एकसत्त्वऐवजी समसत्त्व, असा तोडगा सुचवला. एका अक्षरासाठी एवढे भांडण, अशी त्यावर थट्टा होते. मराठी माणसाने ती करू नये. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत एका वेलांटीचेच अंतर आहे. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनंतर साम्राज्यात हा वाद शमला. स्पेनच्या व्हिसिगॉथ राजांनी अरियसचे मत सोडले ते ५८९ मध्ये.

एका बाबतीत ते गृहस्थ बरोबर ठरतील. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात “स्वर्गात साक्ष देणारे तिघे आहेत” अशा आशयाचे वाक्य काही जुन्या छापील बायबलांत आढळते. ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरॅस्मस या विद्वानाला ते जुन्या ग्रीक हस्तलिखितांत मिळाले नाही, म्हणून १५१६ व १५१९ च्या आवृत्त्यांत त्याने ते घातले नाही. दबाव आल्यावर १५२२ मध्ये घातले, आणि तेथून ते १६११ च्या इंग्रजी बायबलात आले. आजची बहुतेक भाषांतरे ते गाळतात किंवा तळटीपेत देतात. त्रैक्य मानणाऱ्यानेही त्या वाक्यावर भिस्त ठेवू नये.

त्रैक्य न मानताही कोणी ख्रिस्ती राहू शकतो का? पंडिता रमाबाईंना हा सिद्धांत मान्य नव्हता, असे ऐकले. — एक विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ

रमाबाईंविषयी आपण ऐकले ते एका काळापुरते खरे आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत तेथील मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी त्रैक्य आणि ख्रिस्ताचे देवत्व यांविषयीच्या आपल्या शंका स्पष्ट मांडल्या. चर्च सांगते म्हणून मानायचे, ही अट त्यांना मान्य नव्हती. शास्त्री पित्याच्या घरात आईकडून संस्कृत शिकलेल्या आणि भर सभेत शास्त्रार्थ केलेल्या बाईंकडून “विचारू नका, माना” हे कसे पाळले जावे? मला त्या पत्रांतला त्यांचा सूर उद्धट वाटत नाही. जेराल्डिनबाईंना तो वाटला. पुढे रमाबाईंची श्रद्धा बरीच पारंपरिक वळणाची झाली, आणि अखेरची अनेक वर्षे त्या बायबलच्या मराठी भाषांतरात गढून गेल्या होत्या. पण आधीच्या शंका त्यांनी मोजूनमापून, मूळ वचनांवर बोट ठेवून मांडल्या होत्या, आणि त्या तशाच वाचायला हव्यात.

मुख्य प्रश्नाचे उत्तर कोण देतो यावर अवलंबून आहे. रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक सर्व प्रोटेस्टंट मंडळ्या त्रैक्य ही ख्रिस्ती विश्वासाची वेस मानतात. एकत्ववादी, म्हणजे युनिटेरियन, मंडळींना ते अमान्य आहे. देव एकच, आणि येशू हा त्याचा थोर शिक्षक, असे ते म्हणतात. या मताची किंमत काहींनी भारी चुकवली. स्पॅनिश वैद्य मायकेल सर्व्हेटस याला १५५३ मध्ये जिनिव्हात जिवंत जाळले, आणि त्यात प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनचा हात होता, हे त्याच्याच वाटेने आलेल्या प्रेस्बिटेरियन परंपरेत वाढलेल्या आमच्यासारख्यांनी लपवू नये. पंधराच वर्षांनी, १५६८ मध्ये, ट्रान्सिल्व्हानियातील तोर्दा येथे धर्मोपदेशकाला आपल्या समजुतीप्रमाणे उपदेश करण्याची मोकळीक देणारा ठराव झाला, आणि तेथील एकत्ववादी मंडळी आजही टिकून आहे.

हा विचार आपल्याकडेही आला. राममोहन रॉय यांनी १८२० मध्ये येशूचा नीत्युपदेश तेवढा वेगळा काढून छापला, तेव्हा सेरामपूरच्या मिशनरी मार्शमनशी त्यांचा दीर्घ वाद झाला; त्यांचे मन वळवता वळवता विल्यम अॅडम हा बाप्टिस्ट मिशनरी स्वतःच एकत्ववादी झाला, आणि विरोधकांनी त्याला ‘दुसरा पतित आदाम’ म्हटले. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे हे जमखंडीचे, म्हणजे आपल्याच बाजूचे. एकत्ववाद्यांच्या मदतीने ते १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले आणि परत येऊन प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. येशूवर प्रेम करायला त्रैक्याची गरज त्यांना भासली नाही. त्यांना ख्रिस्ती म्हणावे असे त्यांनी स्वतःच कधी मागितले नाही, त्यामुळे तो प्रश्न त्यांच्यापुरता उद्भवत नाही.

कुराणात “तीन म्हणू नका” असे स्पष्ट सांगितले आहे. ख्रिस्ती लोकांचे त्यावर उत्तर काय? — एक वाचक, कोल्हापूर

आपण म्हणता ते वचन चौथ्या सूरेत, म्हणजे अध्यायात, आहे. पाचव्या सूरेत, येशू आणि त्याची आई यांना देव माना असे तू लोकांना सांगितलेस का, असा प्रश्न अल्लाह येशूला विचारतो. ख्रिस्ती उत्तराचा पहिला भाग असा की मरिया त्रैक्यात नाही आणि कोणत्याही परिषदेने तिला तेथे बसवलेले नाही. दुसरा असा की तीन देव म्हणू नका, हे आम्हीही म्हणतो. पण एवढ्याने मतभेद मिटला असे समजू नये. देवाला पुत्र असणे हेच इस्लामला मान्य नाही, मग त्या नात्याचा अर्थ कितीही सूक्ष्म केला तरी. येथे गैरसमज थोडा आहे आणि खरा मतभेद मोठा.

उद्यमनगरात कामाला असलेले आमचे केरळचे शेजारी ऑर्थोडॉक्स आहेत. त्यांच्या मतांगीकारात आत्मा केवळ ‘पित्यापासून’ निघतो. आमच्यात ‘पिता व पुत्र यांपासून’. चूक कोणाची? — एक वाचक, शाहूपुरी

३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेच्या मूळ पाठात ‘व पुत्र’ नाही. त्या बाबतीत शेजाऱ्यांचा पाठ जुना आहे. ते शब्द पश्चिमेत, विशेषतः स्पेनमध्ये, अरियसच्या मताला शह देण्यासाठी रुळले आणि पुढे रोमनेही स्वीकारले. पूर्वेकडील मंडळ्यांचा आक्षेप दुहेरी होता : सर्वांनी मिळून केलेल्या पाठात एका बाजूने भर घातली, आणि पिता हाच एक उगम या विचाराला धक्का लावला. पूर्व व पश्चिम मंडळ्यांच्या १०५४ च्या फुटीमागच्या कारणांत हे एक होते. आम्हा मराठी प्रोटेस्टंटांना ते दोन शब्द मिशनरींकडून आयते मिळाले. ते कोठून आले हे विचारणारे पत्र माझ्याकडे आजवर एकच आले, आणि ते आपले.

माझा बाप्तिस्मा ‘पिता, पुत्र व पवित्र आत्मा’ या नावाने झाला. सासरच्या मंडळीत म्हणतात, केवळ ‘येशूच्या नावाने’ पुन्हा घ्यावा लागेल. मी काय करावे? — एक वाचक, इचलकरंजी

सासरची मंडळी बहुधा ‘केवळ येशू’ म्हणवल्या जाणाऱ्या पेंटेकॉस्टल प्रवाहातली असावी. १९१३ नंतर अमेरिकेत हा प्रवाह वेगळा झाला. पिता, पुत्र आणि आत्मा ही वेगळ्या व्यक्तींची नावे नसून त्या सर्वांचे एकच नाव येशू आहे, असे ते मानतात, म्हणजे सबेल्लियसच्या बरेच जवळचे. प्रेषितांच्या कृत्यांत दुसऱ्या अध्यायात पेत्र “येशू ख्रिस्ताच्या नावाने” बाप्तिस्मा घ्या म्हणतो, हा त्यांचा आधार आहे आणि तो पोकळ नाही. इतर मंडळ्या मत्तयातले शब्द धरतात, आणि पेत्राचे शब्द म्हणजे विधीतले उच्चार नसून ‘येशूच्या अधिकाराने’ असे समजतात.

व्यवहार असा आहे की कॅथलिक आणि प्रमुख प्रोटेस्टंट मंडळ्या पाण्याने व तिघांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा पुरा मानतात आणि तो पुन्हा देत नाहीत. आपण सासरी दुसरा घेतला, तर आपल्या माहेरची मंडळी त्याला बाप्तिस्मा म्हणणार नाही. न घेतला, तर सासरच्या मंडळीत प्रभुभोजनाला अडचण येऊ शकते. निर्णय आपल्याला आणि आपल्या यजमानांना मिळून करावा लागेल. तोपर्यंत माहेरच्या पाळकांकडून बाप्तिस्म्याचा दाखला मागवून घ्यावा, आणि विधीच्या वेळी कोणते शब्द उच्चारले होते हे त्यावर लिहिलेले आहे का ते पाहावे. पुढे कोणत्याही मंडळीत गेलात तरी पहिला प्रश्न त्याबद्दलच येईल.